पांढऱ्या बेडकाचं खरं नाव : भुसावळच्या उन्हाळ्यातलं एक प्रकरण

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. सकाळचे साडेदहाच वाजले होते, पण भुसावळला बाहेर पाऊल टाकवत नव्हतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी ओलं फडकं गुंडाळलेली लहान बादली घेऊन दारात उभी राहिली. मागे तिचा सातवीतला मुलगा, रडून डोळे सुजलेले. बादलीत तळहाताएवढा पांढराफटक बेडूक पाय ताणून तरंगत होता. डोळे लाल, मांड्यांच्या आतल्या बाजूला लालसर चट्टे, आणि पाठीवरून सुटलेल्या कातडीचा पातळ पडदा मागे लोंबत होता.

"मॅडम, हा मरतोय का?" मुलाने विचारलं.

मी 26 वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. त्यातली बरीच वर्षं बेडूक म्हणजे मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या मारून उताणा ठेवलेला बेडूक. आम्ही त्याला तेव्हा राना टायग्रिना म्हणायचो, आता त्याचं नाव होप्लोबॅट्राकस टायगरिनस झालं आहे. त्याच्या कुठल्या शिरेतून रक्त कुठे जातं ते मी आजही न बघता काढून दाखवेन. पण जिवंत बेडूक आजारी पडला तर काय करायचं, हे मी कधी शिकले नव्हते आणि शिकवलंही नव्हतं. त्या मुलासमोर उभी असताना ही गोष्ट मला फार लागली. म्हणून त्यानंतरच्या चार महिन्यांत जे जे केलं, जे चुकलं आणि जे जमलं, ते सगळं इथे लिहिते आहे. कुटुंबाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आधी त्यांची हकिगत. डिसेंबरात वाढदिवसाला मुलाने जळगावच्या एका फिश टँकच्या दुकानातून हा बेडूक आणला. तेव्हा तो रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा होता. दुकानदाराने सांगितलं, "ड्वार्फ फ्रॉग आहे, एवढाच राहतो, गप्पींसोबत ठेवा." घरी 20 लिटरची काचेची टाकी, तळाला रंगीत खडी, कोपऱ्यात जोराचा फिल्टर, वर ट्यूबलाइट. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. जानेवारीत गप्पी कमी व्हायला लागले. घरच्यांना वाटलं फिल्टर ओढून घेतोय. फेब्रुवारीअखेर टाकीत एकही मासा उरला नाही आणि बेडूक तिप्पट झाला होता. मार्चमध्ये त्याची कातडी सुटताना दिसली. बुरशी लागली असं समजून आईने दुकानातून हिरवं-निळं औषध आणून टाकीत घातलं. एकदा घालून थांबली नाही, तीन दिवस घातलं. एप्रिल लागला आणि त्याने खाणं सोडलं. मुलाचे आबा गावाहून आले होते. त्यांनी टाकीत डोकावून विचारलं, "हाई काय शे?" आणि त्या घरात पहिल्यांदा कुणाच्या तरी लक्षात आलं की हे नक्की काय आहे ते आपल्यालाही ठाऊक नाही.

आबांचाच प्रश्न खरा होता. आजारपणाचं काय ते पुढे, आधी हा कोण?

टाक्यांची शिवण

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की, हा आपलाच कुठलातरी बेडूक असेल, रंगद्रव्य नसलेला. असे पांढरे प्राणी अधूनमधून जन्माला येतात. पण आपल्याकडच्या बेडकाला डोळ्यामागे कानाचा गोल पडदा ठळक दिसतो. इथे तो नव्हताच. आपला बेडूक तोंड उघडून चिकट जीभ फेकतो. मी चिमट्याने गांडुळाचा तुकडा पुढे धरला. खाल्ला नाही, पण एकदा तोंड उघडलं, आणि आत जीभ नव्हती. डोळे बाजूला नसून डोक्याच्या माथ्यावर, आभाळाकडे बघणारे. अंग वरून दाबल्यासारखं चपटं. हा जमिनीवर बसणारा जीवच नव्हता, हा जन्मभर पाण्यात राहणारा होता.

जीभ नसलेल्या, पाण्यातल्या बेडकांचं कुळ एकच, पिपिडी. म्हणजे दुकानदाराचं "ड्वार्फ फ्रॉग" अगदीच हवेतलं नव्हतं. आफ्रिकेचा बुटका बेडूक, हायमेनोकायरस, ह्याच कुळातला. लहानपणी दोघं इतके सारखे दिसतात की विकणाऱ्याचीही फसगत होते. फरक हातांत असतो. बुटक्या बेडकाच्या पुढच्या बोटांमध्येही पडदे असतात, चारही पाय बदकासारखे. आमच्या पाहुण्याची पुढची चार-चार बोटं मात्र सुटी, एकेक वेगळी, माणसाने हात पसरावेत तशी. पडदे फक्त मागच्या पायांना. आणि मागच्या पायाच्या आतल्या तीन बोटांना शिंगासारखी कडक नखं. बोटाच्या टोकाने हळूच फिरवून बघितलं तर टोचतात.

हा झेनोपस होता. आफ्रिकेचा नखवाला बेडूक. 'झेनोपस' म्हणजे विचित्र पायाचा.

इथे थांबून चालणार नव्हतं, कारण झेनोपसमध्येही दोन प्रकार जगभर पाळले जातात आणि त्यांची तब्येत एकमेकांच्या उलट आहे. झेनोपस ट्रॉपिकॅलिस पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण जंगलातला, त्याला 24 ते 26 अंशांचं कोमट पाणी लागतं. झेनोपस लेव्हिस दक्षिण आफ्रिकेचा, त्याला 18 ते 22 अंशांचं गार पाणी. एका नावाच्या फरकाने मी भुसावळच्या एप्रिलमध्ये त्याला मारू शकले असते किंवा वाचवू शकले असते. भिंगाखाली मागचा पाय धरला. ट्रॉपिकॅलिसला त्या तीन नखांखेरीज टाचेकडच्या उंचवट्यावर चौथं नख असतं. इथे नव्हतं. शिवाय ट्रॉपिकॅलिस जेमतेम 4-5 सेंटिमीटर वाढतो आणि हा चार महिन्यांतच 7 च्या पुढे गेला होता. लेव्हिस. शंकाच नाही.

आणखी एक खूण मुलाने शोधली, आणि तिचा मला फार आनंद झाला. तो म्हणाला, "मॅडम, ह्याच्या अंगावर आजीच्या गोधडीसारखे टाके आहेत." खरंच होते. कुशीवरून दोन्हीकडे धावदोरा घातल्यासारख्या बारीक आडव्या रेघा. ती पाण्यातल्या हालचाली टिपणारी इंद्रियं आहेत, माशांच्या अंगावरच्या पार्श्वरेषेसारखी. बहुतेक बेडकांमध्ये ती बेडूकमासा असतानाच असतात आणि मोठेपणी जातात. झेनोपस ती जन्मभर बाळगतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचा काय उपयोग? तो अंगाने बघतो. आणि अशा जिवाला चार महिने आम्ही जोराच्या फिल्टरच्या धारेसमोर ठेवलं होतं.

मादी होती. शेपटीच्या जागी, गुदद्वारापाशी, तीन लहान पाळ्या होत्या. नराला त्या नसतात, त्याच्या हातांच्या आतल्या बाजूला विणीच्या काळात काळसर खरखरीत पट्टे येतात. मादी 10-12 सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळली तर 15-20 वर्षं जगते. हे ऐकल्यावर आईने मुलाकडे बघितलं आणि मुलाने खाली.

नेमकं काय बिघडलं होतं

नाव कळल्यावर हकिगतीतलं एकेक वाक्य उलगडत गेलं. गप्पी फिल्टरने ओढले नव्हते, तिने खाल्ले होते. तोंडात मावेल ते सगळं ती हातांनी आत ढकलते, जीभ नसलेल्या जिवाची ही रीत. कातडी सुटणं हा आजार नव्हता. हे बेडूक ठरावीक काळाने कात टाकतात आणि बहुधा स्वतःच खाऊन टाकतात. आजार औषधाने आणला होता. बेडकाची कातडी म्हणजे उघडं दार. पाण्यात जे असेल ते थेट आत जातं. माशांच्या बुरशीवरची मॅलेकाइट ग्रीन, तांबं किंवा फॉर्मेलिन असलेली औषधं बेडकाच्या टाकीत कधीही घालू नयेत. आईला हे सांगताना तिचा चेहरा उतरला. मी तिला म्हटलं, तू मुलाच्या जिवासाठी धावलीस तशीच ह्याच्यासाठी धावलीस. चूक नावाची होती.

दुसरं कारण उष्णता. त्यांनी सांगितलं की टाकीत कधी थर्मामीटर घातलाच नाही. त्याच दिवशी दुपारी चार वाजता मुलाला घरून बघायला लावलं तर रिकाम्या टाकीचं पाणी 33 अंश निघालं. तिसरं कारण अमोनिया. 20 लिटर पाण्यात एवढा खादाड प्राणी, आणि खडीत सडलेले माशांच्या खाण्याचे पेलेट. पाणी जितकं तापतं आणि जितकं अल्कलीकडे झुकतं तितका त्यातला अमोनिया विषारी रूपात जास्त राहतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आणि अल्कलीयुक्त. म्हणजे खानदेशातला उन्हाळा एकाच दुखण्याला दोन बाजूंनी हवा देतो. टेस्ट किटमधला रंग गडद हिरवा आला तेव्हा मला पुढे काही बघायची गरज वाटली नाही.

मांड्यांवरची लाली मात्र मला घाबरवत होती. बेडकांमध्ये एरोमोनास जातीच्या जिवाणूंनी रक्तात विषार पसरला की पोट आणि मांड्या अशाच लाल होतात, त्याला 'लाल पाय' म्हणतात. स्वच्छ पाण्यात, नीट तापमानात असलेला प्राणी ह्या जिवाणूंना पुरून उरतो, खंगलेला पडतो. मी एका पशुवैद्यांना फोन केला. त्यांचे रोजचे पेशंट गाई-म्हशी आणि शेळ्या. तरीही ते संध्याकाळी आले, काट्यावर तिला ग्रॅममध्ये तोललं, वाचून-विचारून डोस ठरवला आणि सलग काही दिवस उपचार केले. कोणतं औषध आणि किती ते मी इथे लिहीत नाही. ते वजनावर आणि प्राण्याच्या अवस्थेवर ठरतं, आणि फिश टँकच्या दुकानातली अँटिबायोटिकची पुडी पाण्यात ओतणं हा त्याचा पर्याय नाही. हे मी कळकळीने सांगते आहे, कारण तशीच एक पुडी त्या बादलीसोबत आली होती. मी ती फोडू दिली नाही.

पहिले दहा दिवस ती माझ्याकडे, घराच्या उत्तरेकडच्या न्हाणीघरात, एका रुंद टबात होती. खडी नाही, फिल्टर नाही. रोज निम्मं पाणी बदलायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, टीसीएल पावडरचा वास आपल्याला येतो तोच. ते बेडकाच्या कातडीला जाळतं. आमच्याकडे पाणी ड्रममध्ये भरून ठेवायची सवय आहेच. उघड्या ड्रममध्ये दिवस-दीड दिवस मुरलेलं पाणी तिला लागलीच चाललं. (काही शहरांत क्लोरिनऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते नुसतं ठेवून उडत नाही, त्याला दुकानातलं वॉटर कंडिशनर लागतं.) पाण्यात हात घालण्याआधी साबण पूर्ण धुऊन टाकायचा, आणि घातल्यानंतर साबणाने धुवायचे. हे दुसरं माणसांसाठी. अमेरिकेत 2009 ते 2011 च्या दरम्यान पाळीव बुटक्या बेडकांमुळे साल्मोनेलाची साथ पसरली होती आणि आजारी पडलेल्यांत बहुतेक लहान मुलं होती. टाकीचं भांडं स्वयंपाकघरातल्या मोरीत घासायचं नाही, हा नियम आईने लगेच उचलला.

पाणी आम्ही एकदम गार केलं नाही. 30 वरून 24 वर यायला दोन दिवस घेतले. सहाव्या दिवशी ती तळाला बसली. तरंगणारा बेडूक तळाला बसतो तेव्हा पोटातली हवा आणि अंगातली भीती दोन्ही उतरलेली असते. नवव्या दिवशी तिने गांडूळ घेतलं. मुलगा शाळेतून थेट आला होता, दप्तर पाठीवरच होतं.

मे महिना

जगली, पण राहणार कुठे? स्लॅबखालच्या फ्लॅटमध्ये मे काढणं तिला शक्य नव्हतं. भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो हे सांगायला हवामान खात्याची गरज नाही. मोठ्या शहरांत लोक टाकीला चिलर लावतात. ह्या कुटुंबाला ते परवडणारं नव्हतं, आणि वीज गेली की चिलरही गेलाच.

उपाय आबांच्या घरात होता. यावल तालुक्यातल्या त्यांच्या गावात त्यांचं जुनं धाब्याचं घर आहे. दीड हाताच्या मातीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचं धाबं. बाहेर 44 असताना माजघरात 35 होतं, मी स्वतः मोजलं. शाळेला सुट्टी लागल्यावर मुलगा, बेडूक आणि थर्मामीटर असे तिघं पहाटे साडेचारला निघाले. ओल्या कापडावर बसवलेली बादली, झाकणाला भोकं, पाणी बोटभर. झेनोपस फुप्फुसाने श्वास घेतो, प्रवासात त्याला खोल पाणी नको, ओल हवी.

आबा म्हणाले, "रांजणात ठेवू, रांजण पाझरतो." कल्पना शंभर टक्के बरोबर होती, पण रांजणाचं तोंड अरुंद, आत काय चाललंय दिसत नाही, घाण काढता येत नाही. मग कुंभाराकडून मातीची नवी नांद आणली, पसरट, 50 लिटरची. जुनी नांद मी नको म्हटलं. शेतकऱ्याच्या घरात जुन्या भांड्यात कधी काय कालवलं असेल सांगता येत नाही. चार दिवस नुसतं पाणी भरून ती मुरवली. तळाला फुटक्या माठाचं एक मोठं खापर, कडा दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या, तिला लपायला. पांढऱ्या बेडकांचे डोळे उजेडाला नाजूक असतात, आडोसा त्यांना हवाच. वर लाकडी चौकटीवर ताणलेली डासांची जाळी आणि चौकटीवर दोन विटा. काचेचं झाकण ठेवलं असतं तर बाष्पीभवन थांबलं असतं, आणि झाकणच नसतं तर ती रात्रीत पळाली असती. ह्या बेडकांना आपण आळशी समजतो, पण त्यांच्या मागच्या पायांत विलक्षण जोर असतो. नांदेला बाहेरून ओलं गोणपाट, समोर टेबलफॅन.

मे महिन्याच्या कोरड्या हवेत ह्या एवढ्यावर पाणी 25-26 अंशांवर राहिलं. पुस्तकातलं 22 आम्हाला मिळालं नाही. पण 33 आणि 25 ह्यांत जगण्या-मरण्याचा फरक आहे, आणि ती त्या पाण्यात नियमित खात होती.

खरा धोका आला जूनमध्ये, आणि तो मला आधी कळायला हवा होता. मृगाच्या आसपास ढग जमायला लागले. बाहेरचा पारा 44 वरून 38 वर उतरला. सगळ्यांनी हुश्श केलं. मुलगा दिवसातून तीनदा वहीत तापमान लिहीत होता, त्याने फोन केला, "मॅडम, बाहेर गार झालंय, पण नांद तापतेय. 28 झालं." बरोबर होतं त्याचं. नांद गार होते ती पाणी उडून जाण्याने. हवा दमट झाली की पाणी उडत नाही, मग गोणपाट नुसतंच ओलं राहतं. मे महिन्यात कूलर घर गार करतो आणि जूनमध्ये तोच कूलर अंग चिकट करतो, हा आपला दरवर्षीचा अनुभव आहे, पण बेडकाच्या संदर्भात तो मला सुचला नाही. त्या पंधरा दिवसांत अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या बर्फ करून आलटून पालटून पाण्यात सोडल्या, फडक्यात गुंडाळून, दुपारी बारा, तीन आणि सहाला. सुटा बर्फ टाकला नाही. पहिला दमदार पाऊस झाल्यावर बाटल्या थांबवल्या.

नांदेबद्दल आणखी एक. बाहेरून पांढरा खार फुटायला लागतो. म्हणजे पाणी उडतंय आणि क्षार मागे राहताहेत. नुसती भर घालत राहिलं तर आतलं पाणी दिवसेंदिवस जड होतं. भर घालायची तेवढी घाला, पण आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी काढून नवं घालणं चुकवू नका.

काय खायला घालावं

केळीच्या पट्ट्यातल्या गावात गांडुळांना तोटा नाही. आबांच्या शेजाऱ्यांकडे गांडूळखताचे बेड आहेत. मुलाने तिथून लाल गांडुळं आणली, आणि तिने तोंडात घेऊन थुंकली. दोनदा, तीनदा. आजी म्हणाली, परत दुखणं आलं. दुखणं नव्हतं. खताच्या बेडमधलं गांडूळ, आयसेनिया फेटिडा, डिवचलं की पिवळट उग्र वासाचा द्रव सोडतं, तो बऱ्याच बेडकांना सोसत नाही. मग मुलाने केळीच्या बागेतल्या ठिबकखालच्या ओल्या मातीतली मातकट गांडुळं सुचवली. मी घाईने थांबवलं. त्या मातीत बागेवर मारलेली कीटकनाशकं आणि बुरशीनाशकं उतरलेली असतात, आणि गांडूळ ती मातीच खाऊन जगतं. शेवटी आजीच्या परसातल्या, अळू लावलेल्या मोरीच्या पाटाजवळची गांडुळं ठरली. तिथे आजीने कधी फवारणी केलेली नाही. साबणाचं पाणी जातं त्या टोकाची नाहीत, वरच्या टोकाची.

घर शाकाहारी आहे. आईला जिवंत गांडूळ हातात धरणं जमेना, आणि मला ते समजतं. आठवड्यातून दोनदा गांडूळ मुलगा देतो, एकदा तळाला बुडणारे मांसाहारी माशांचे पेलेट आई देते. अर्ध्या तासात उरलेलं काढून टाकायचं. मोठ्या मादीला रोज खायला लागत नाही. ती दर वेळी उपाशीच दिसते, तिच्या दिसण्यावर जाऊ नका. गोल्डफिशसारखे मासे खायला घालू नयेत. त्यांच्यात जीवनसत्त्व ब-1 मोडणारा घटक असतो.

आजी आणि तापी

आषाढात आजीने विषय काढला. तिच्या मनात तो बरेच दिवस असणार. पाऊस लांबला की कडुलिंबाचा पाला बांधून "धोंड्या धोंड्या पाणी दे" म्हणत बेडूक घरोघर फिरवतात ते तिने लहानपणापासून पाहिलेलं. बेडूक पावसाचा माणूस. त्याला नांदेत कोंडून ठेवणं तिला पाप वाटत होतं. "आता नदीला पाणी आलंय," ती म्हणाली, "तापीमाईत सोडून दे बाळा, पुण्य लागेल." आणि मुलगा हेलावला होता, मला दिसत होतं.

मी तिला खोडून काढलं नाही. तिच्या जवळ ओट्यावर बसले आणि ह्या बेडकाची गोष्ट सांगितली. आजी एकेकाळी गावात बाळंतपणं करायची. तिला सांगितलं की 1930 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत शोध लागला की, दिवस गेलेल्या बाईच्या लघवीचा अंश ह्या बेडकाच्या मादीला टोचला तर ती काही तासांत अंडी घालते. पोटुशी आहे की नाही ते सांगणारी ही पहिली भरवशाची, झटपट परीक्षा होती, आणि त्यासाठी ह्या माद्या आफ्रिकेतून जगभरच्या दवाखान्यांत गेल्या. 1960 च्या दशकात रसायनांच्या चाचण्या आल्या. बेडकांचं काम संपलं. पण ते प्रयोगशाळांत राहिले, पाळीव प्राण्यांच्या बाजारात आले, आणि बरेच ठिकाणी सुटले किंवा सोडले गेले. चिलीत, कॅलिफोर्नियात, फ्रान्समध्ये, पोर्तुगालमध्ये, सिसिलीत आज ते तळ्यांतून वस्ती करून आहेत आणि तिथल्या बेडकांची पिल्लं, मासे, किडे खाऊन टाकताहेत. शिवाय बेडकांना मारणारी कायट्रिड नावाची बुरशी ह्यांच्या अंगावर असू शकते. त्यांना स्वतःला तिचा फारसा त्रास होत नाही, दुसऱ्यांचा जीव जातो.

"म्हणजे आपले बेडूक मरतील?" आजीने विचारलं.

"तापीत, हतनूरच्या पाण्यात, तुमच्या नाल्यात जे ओरडतात ना, ते."

आजी बराच वेळ नांदेकडे बघत होती. मग म्हणाली, "बायांच्या कामाची होती ही." त्या दिवसापासून खापराखालची कात आणि घाण ती स्वतः काढते. टाकीचं काढलेलं पाणीही आम्ही नाल्यात किंवा विहिरीजवळ टाकत नाही. अंगणातल्या कोरड्या, तापलेल्या मातीवर पसरतो. ती बुरशी ओलीवर आणि गारव्यावर जगते.

मुलाच्या वडिलांना कायद्याची काळजी होती. 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात परदेशी प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. त्यात साइट्स करारातल्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या, जाती येतात. त्या बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. झेनोपस लेव्हिस साइट्सच्या यादीत नाही. तरी दुकानाची पावती आणि पशुवैद्यांची चिठ्ठी एका पाकिटात घालून ठेवायला सांगितलं. मुलाला मात्र एक वेगळी गोष्ट बजावली. पहिल्या पावसात पिवळेजर्द होऊन ओरडणारे आपले मोठे बेडूक किंवा केळीच्या पानाआड चिकटून बसणारे झाडबेडूक पकडून तिच्या सोबतीला आणायचे नाहीत. एक तर ती खाईल. आणि ते कुणाचेही पाळीव नाहीत. एकेकाळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जायच्या, शेतंच्या शेतं रिकामी झाली, 1987 मध्ये ती निर्यात बंद करावी लागली. हे आबांना आठवत होतं. रात्री बत्त्या घेऊन पोती भरणारी माणसं त्यांनी बघितली आहेत.

आज ऑगस्टचा तिसरा आठवडा आहे. ती 9 सेंटिमीटर झाली आहे. मांड्यांवरची लाली मे महिन्यातच गेली. पावसाळा संपेपर्यंत ती धाब्याच्या घरातच राहील. दिवाळीनंतर भुसावळला, 60 लिटरच्या टाकीत, स्पंजच्या मंद फिल्टरवर, खडीशिवाय. होळी झाली की परत नांदेत. मुलगा दर शनिवारी गावाला जातो.

मागच्या आठवड्यात त्याची वही माझ्याकडे तपासायला आली होती. तापमानाचे रकाने नीट भरलेले. शेवटच्या पानावर त्याने हिशेब मांडला होता : बेडूक 20 वर्षं जगला तर मी 32 वर्षांचा. खाली लिहिलं होतं, "बारावीनंतर मी पुण्याला गेलो तर ताई, ताईचं लग्न झालं तर आई." प्रत्येक नावापुढे सही घेतलेली होती. आजीचा अंगठा होता. एक जागा रिकामी होती, तिथे पेन्सिलीने "मॅडम" लिहिलं होतं. मी सही करून वही परत पाठवली.